सासूबाईंचा हात प्लास्टरमध्ये आणि ईस्टरचं जेवण माझ्यावर

काकू, मी मूळची नाशिकची. चार वर्षांपूर्वी रजिस्टर लग्न करून वसईत आले. सासरचे सगळे कॅथलिक आहेत. मी माझ्या देवधर्मासकट इथे सुखाने राहते. दर ईस्टरला सासूबाई सोळा-सतरा माणसांचा स्वयंपाक एकहाती करतात. त्यात इंद्याल (व्हिनेगर-मसाल्यात मुरवलेलं पोर्क), मटणाची खुडी (भाजलेल्या वाटणाचा रस्सा), फुगे (आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे), पुलाव, केक आणि मार्झिपॅनची (काजू-साखरेची) अंडी असं सगळं असतं. मी नारळ खवून देते, कांदे चिरते, वाढायला घेते. यंदा मार्चच्या सुरुवातीला त्या पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. सासरे म्हणतात, "केटररला सांगून टाकू." नणंद फोनवर म्हणते, "साधं मटण कर, कोणी काही म्हणणार नाही." सासूबाई काहीच बोलत नाहीत. मला मनापासून हे जेवण करायचंय. पण माप विचारलं की त्या "अंदाजाने" एवढंच सांगतात. मी पोर्क खात नाही, कधी हातही लावलेला नाही. त्यातच माझे आई-बाबा यंदा पहिल्यांदा ईस्टरला येणार आहेत आणि दोघंही पूर्ण शाकाहारी आहेत. मी काय करू?
वसईची सून

प्रिय सूनबाई,

तुझ्या पत्रात सासऱ्यांचं मत आहे, नणंदेचं आहे, तुझंही आहे. जिचा हा स्वयंपाक आहे तिचं तेवढं नाही. त्यामुळे केटरर की घर हे ठरवण्याआधी सासूबाईंशी बोल. त्यांना "मम्मी, ईस्टरला काय करू?" असं विचारू नकोस. त्याला उत्तर ठरलेलं आहे: "काही पण कर, त्रास करून घेऊ नको." असं विचार: "मम्मी, ताटात काय नसलं तर तुम्हाला ईस्टर झाल्यासारखं वाटणार नाही?" मग थांब. त्यांना उत्तर द्यायला वेळ लागेल. हाच प्रश्न सासऱ्यांनाही विचार, पण वेगळा, सासूबाई खोलीत नसताना. केटररचं नाव त्यांनी बायकोचे कष्ट वाचावेत म्हणून घेतलं असणार. त्यांच्या जिभेवर काय आहे ते त्यांना कोणी विचारलेलंच नाही.

दोघांकडून मिळून दोन किंवा तीन पदार्थांची नावं येतील. तेवढे घरी करायचे. उरलेलं बाहेरून आणलंस तर त्यात काही कमीपणा नाही. माझा अंदाज, नावं इंद्याल आणि फुगे हीच निघतील, फार तर खुडी. पुलाव केटररकडून येऊ दे, केक बेकरीतून येऊ दे. सोळा माणसांचा पुलाव घरच्या शेगडीवर मोकळा करणं हे एकट्या माणसाचं काम नाही. आणि आपल्या वसईत पुलाव उत्तम करणारी माणसं गावोगाव आहेत.

नणंदेचं "साधं मटण कर" मायेपोटीच आहे, पण ते ऐकू नकोस. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत रविवार सोडून चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. चर्चचा नियम त्या मानाने सौम्य आहे: राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला एकच पूर्ण जेवण आणि मांस नाही, शिवाय या काळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. पण वसईतल्या कितीतरी घरांचा स्वतःचा नियम याहून कडक असतो. ती घरं चाळीसही दिवस मांस आणत नाहीत, काही जण दारू सोडतात, काही जण गोड. त्यामुळे ईस्टरच्या रविवारचं ताट हे वर्षातलं सगळ्यात जास्त वाट पाहिलेलं ताट असतं. ख्रिसमसला आधीपासूनच फराळ चालू असतो, पाहुणे येत-जात असतात. ईस्टरला तसं नसतं. आधीचा गुरुवार आणि शुक्रवार जवळजवळ मुके असतात, आणि शनिवारच्या रात्री देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटल्या की एकदम सण येतो. अशा दिवशी साधं मटण वाढलंस तर कोणी काही म्हणणार नाही हे खरं. पण सासूबाईंना ते लागेल. त्यांचा हात मोडला म्हणून घराचा सण आटोपता घेतला असं त्यांना वाटेल.

आता कामाचं. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, ईस्टर ५ एप्रिलला आहे. मार्चच्या विषुवानंतरची पहिली पौर्णिमा आणि तिच्या पुढचा रविवार असा त्याचा हिशोब असतो. यंदा ती पौर्णिमा म्हणजे आपली चैत्री पौर्णिमा, हनुमान जयंती, गुरुवारी २ तारखेला. हे तुझ्या बाबांना आवडेल, त्यांना सांग. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे की एप्रिलमध्ये वसईची हवा गरम आणि दमट असते. काय आधी करायचं आणि काय आयत्या वेळी, हे ही हवाच ठरवते. नारळ घातलेलं काहीही रात्रभर बाहेर राहिलं तर आंबेल. व्हिनेगरमधलं टिकतं, इतकंच नाही तर मुरून चांगलं होतं. म्हणून इंद्याल आधी करायचं, खुडी आणि फुगे रविवारीच.

इंद्याल बुधवारी, १ तारखेला शिजवून टाका. गुरुवारी संध्याकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, असते, पाय धुण्याचा विधी असतो. शुक्रवारी चूल थंडच बरी, पेज आणि चटणी, बेकरीतले क्रॉसचे बन. त्या दिवशी घरात मांस शिजल्याचा वास सासूबाईंना चालणार नाही, हे त्या सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. तीन दिवस फ्रिजमध्ये राहिलेलं इंद्याल रविवारी बुधवारपेक्षा सरस लागतं. शनिवारी संध्याकाळी एकदा बाहेर काढून खळखळ उकळा, गार करून परत आत ठेवा. त्यात पाणी घालायचं नाही.

चौदा खाणाऱ्यांना, सोबत मटण आहे म्हटल्यावर, दोन किलो पोर्क पुरेल. खाटकाकडे आठवडाभर आधी सांगून ठेवा आणि चरबीसकट मागा. नुसतं लाल मांस घेतलं तर इंद्याल कोरडं होतं. ते स्वतःच्या चरबीतच शिजायचं असतं, वरून तेल नावाला. दोन किलोला बिया काढलेल्या तीस-पस्तीस काश्मिरी मिरच्या, चार चमचे जिरं, दोन चमचे हळद, लसणाच्या दोन गड्ड्या, दोन बोटं आलं, वीसेक मिरे, थोडी दालचिनी-लवंग. हे सगळं वाटीभर व्हिनेगरमध्ये वाटायचं. पाण्यात वाटलं तर ते टिकत नाही आणि चवही पातळ होते. मंगळवारी रात्री मीठ-मसाला चोळून ठेवा आणि बुधवारी मंद आचेवर शिजवा. टोप स्टीलचा घ्या. ॲल्युमिनियम किंवा कल्हई गेलेलं पितळ व्हिनेगरला चालत नाही. मांस मऊ झालं, तेल वर आलं आणि मसाल्याचा कच्चा वास गेला की झालं. साखर चिमूटभर, शेवटी. हे सर्वसाधारण माप आहे. तुमच्या घरी त्यात बॉटल मसाला (बाटल्यांत भरून ठेवलेला घरचा मसाला) घालतात का, कांदा घालतात का, हे सासूबाईंना विचारायलाच हवं. त्यावरून गावागावांत एकमत नाही, शेजारच्या दोन घरांतसुद्धा नाही. तुझ्या घरचं जे असेल तेच बरोबर.

आणि इथेच तो "अंदाज" येतो. सासूबाई काही लपवत नाहीत गं. त्यांच्याकडे माप आकड्यात नाहीच, ते हातात आहे. हात तर सध्या प्लास्टरमध्ये, पण डावा मोकळा आहे. तर असं कर. एक साधा स्वयंपाकघरातला वजनकाटा आण. सासूबाईंना ओट्याजवळ पाठ टेकता येईल अशा खुर्चीत बसव. जिऱ्याची बरणी आधी वजन करून त्यांच्यासमोर ठेव. त्या डाव्या हाताने त्यांना हवं तेवढं जिरं काढतील. बरणी परत काट्यावर ठेव. जितकं वजन कमी झालं तितकं जिरं गेलं. बॉटल मसाल्याच्या बाटलीचंही तसंच, व्हिनेगरच्याही बाटलीचं तसंच. त्यांना चमचे मोजायला लावू नकोस. त्या अडखळतील आणि चिडतील. त्यांनी नेहमीसारखं करावं, मोजायचं काम तुझं. वहीत पदार्थाच्या पुढे ग्रॅम लिही, आणि त्याखाली त्या जे बोलतात ते त्यांच्याच शब्दांत लिही. "आता नाकाला झोंबत नाही", "तेल कडेला आलं", असं काही. मला विचारशील तर त्या वाक्यांचा उपयोग ग्रॅमपेक्षा जास्त होतो, कारण पुढच्या वर्षीची मिरची यंदासारखी तिखट असेलच असं नाही.

फुग्यांची मात्र सवय लागते. ते वाचून येत नाहीत. म्हणून २२ मार्चच्या रविवारी पाव किलो मैद्याचे करून बघ. तुमच्या घरी उपवासकाळात अंडीही सोडत असतील तर आधी विचारून घे. किलोभर मैद्याला चार अंडी, एका नारळाचं घट्ट दूध, दोन चमचे कोरडं यीस्ट, अर्धी वाटी साखर, मीठ आणि लागेल तसं कोमट पाणी. पूर्वी आंबवायला ताडी असायची. खात्रीची ताजी ताडी मिळत असेल तर आजही तीच वापरावी, तिची चव यीस्टला नाही. पीठ पोळीसारखं मळायचं नाही. ते भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट, पण हाताला चिकटून लोंबेल इतकं सैल ठेवायचं, आणि हाताने पंधरा-वीस मिनिटं फेटायचं, बुडबुडे दिसेपर्यंत. तुझा हात दुखेल. नवऱ्याला बोलाव. थंडीत हे पीठ रात्रभर ठेवतात, पण एप्रिलमध्ये दोन-तीन तासांत दुप्पट होतं आणि त्यापुढे आंबट व्हायला लागतं. म्हणजे रविवारी दुपारी एकच्या जेवणाला सकाळी आठच्या सुमारास भिजवलंस की पुरे. रात्री भिजवू नकोस. तळताना तेल चांगलं तापलेलं हवं, पण धूर नको. ओल्या मुठीतून अंगठा आणि तर्जनीच्या मधून पिठाचा गोळा वर काढायचा आणि सोडायचा. गोळा सुपारीपेक्षा थोडा मोठा असला की फुगून लिंबाएवढा होतो. पहिले चार-पाच वेडेवाकडेच होतात, ते मुलांना देऊन टाक. किलोभराचे ऐंशीच्या आसपास होतील.

इथेही सासूबाईंचा डावा हात लागेल. पीठ झालं की नाही हे बोट बुडवून त्यांनीच सांगावं. हे मी त्यांचं मन राखायला म्हणत नाहीये. पिठाची ती अवस्था दाखवायला दुसरा मार्गच नाही.

खुडीसाठी शनिवारी दुपारी सुकं खोबरं आणि कांदा खरपूस भाजून ठेव, पण वाटू नकोस. पाणी लागलेलं वाटण रात्रभर ठेवायचं नसतं. रविवारी सकाळी वाट, दीड किलो मटणात बॉटल मसाल्याबरोबर घाल, बटाटे टाक. शनिवारी रात्रीची मिस्सा लांबते, घरी येऊन केक कापून झोपायला दोन वाजतात. रविवारी सकाळी तुझ्या हाताशी फार जोर नसेल हे धरून चाल. मार्झिपॅनची अंडी सोमवारी-मंगळवारीच करून डब्यात ठेवता येतील. काजू आणि साखर सारखीच, त्यात अंड्याचा पांढरा भाग, गुलाबपाणी, मंद आचेवर कढईची कड सोडेपर्यंत घोटायचं आणि साच्यात दाबायचं. साचे सासूबाईंकडे असतीलच, कपाटाच्या वरच्या खणात शोध. मुलांना रंग लावायला बसव आणि त्यांच्यामध्ये सासूबाईंना. एका हाताने होणारं हे काम आहे.

आता पोर्कचं. तू खात नाहीस हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि चार वर्षांत कोणी आग्रह केला नाही असं दिसतंय. चांगली माणसं आहेत. मग यंदा सण आपल्या अंगावर आला म्हणून मन मारून त्यात हात घालू नकोस. मनात किळस ठेवून शिजवलेलं अन्न ना तुला सोसेल ना त्यांना आवडेल. इंद्याल तुझ्या नवऱ्याने करावं. तो मम्मीच्या हातचं इंद्याल जन्मापासून खात आलाय, चव त्याच्या जिभेवर आहे, आणि ते उचलून पुढे न्यायचं काम आधी त्याचं आहे, मग सुनेचं. आपल्याकडे आईच्या हातची चव सुनेने शिकायची असं धरूनच चालतात, मुलाला कोणी स्वयंपाकघरात बसवत नाही. हे मला कधीच पटलेलं नाही. मंगळवारी रात्री आणि बुधवारी संध्याकाळी तो ओट्याशी उभा राहील, आई खुर्चीत, तू काट्याशी आणि वहीशी. मसाला वाटून देणं तुला चालत असेल तर दे. मांस धुणं, चोळणं, शिजवणं त्याचं. तो "मला जमत नाही" म्हणाला तर त्याला सांग की तुलाही जमत नव्हतं, फुगे तू २२ तारखेला शिकलीस.

हे त्याला आधी एकट्याला सांग, सासूबाईंसमोर नाही. त्या लगेच "राहू दे, मी बघते" म्हणून उठतील, आणि मनगट परत दुखावेल.

आता आई-बाबा. त्यांना आधी फोन करून स्पष्ट सांग की टेबलावर मांस असेल, पोर्कही असेल. आयत्या वेळी कळलं तर ते संकोचून बसतील आणि तुझे सासू-सासरे त्याहून जास्त संकोचतील. फुग्यांत अंडं असतं हेही सांग, कारण ते साध्या तळलेल्या गोड भज्यांसारखे दिसतात आणि कोणीतरी प्रेमाने बाबांच्या ताटात दोन टाकेल. पण त्यांच्यासाठी वेगळी पनीरची भाजी आणि चपात्या मागवू नकोस. तसं केलं तर ते पाहुणे राहतील. तुझ्या सासरच्या चवीतलंच त्यांना वाढ, फक्त मांस-अंडं वगळून. बॉटल मसाल्यात मांस नसतं, नुसते मसाले असतात. खुडीचं वाटण झालं की मटणात घालण्याआधी दोन माणसांचा वाटा काढून ठेव, आणि त्यात ओले काजू कर. एप्रिलच्या सुरुवातीला कोकणातले ओले काजू बाजारात असतात. महाग आहेत, पण दोघांना पाव किलो पुरतात. नाही मिळाले तर कोवळा फणस. सोबत तांदळाची भाकरी आणि कोबीची फुगाथ, म्हणजे खोबरं घातलेली सुकी भाजी. पुलाव केटररला सांगताना त्यांचा वाटा तूप-काजूचा, मांसाच्या पाण्याशिवाय वेगळ्या डब्यात सांग. मार्झिपॅनचा थोडा गोळा अंड्याचा पांढरा भाग न घालता साखरेच्या पाकात कर, त्याचीही अंडी साच्यात छान होतात. आणि गोडाला आगाशीकडची सुकेळी ठेव, राजेळी केळी वाळवून केलेली. नाशिकची द्राक्षं घेऊन येणाऱ्या माणसांना वसईने केळी द्यावीत, हे मला फार योग्य वाटतं.

भांडी आणि पळ्या वेगळ्या ठेव, त्यांचं टेबलाच्या एका टोकाला मांड, आणि सुरुवात त्यांच्यापासून कर म्हणजे पळ्या मिसळण्याची भीती नाही. जेवणाआधी सासरे प्रार्थना म्हणतील. आई-बाबांनी फक्त उभं राहायचं, बाकी काही करायचं नाही, हे फोनवरच सांगून टाक. लोक अशा वेळी हात जोडायचे की नाही या काळजीने अवघडतात.

बाबा जेवताना विचारतील की ही मराठी बोलणारी माणसं, आणि हे जेवण असं कसं. त्यांना सांगायला थोडं हाताशी असू दे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली हे त्यांना शाळेपासून ठाऊक असेल. त्याआधी, १५३४ मध्ये, गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली होती. त्या दोनशे वर्षांत इथले शेतकरी, बागायतदार, कोळी ख्रिस्ती झाले, पण भाषा, भातशेती, नारळ आणि भाजलेल्या वाटणाची रीत त्यांनी सोडली नाही. मांस व्हिनेगर-लसणात मुरवणं पोर्तुगीजांकडून आलं. मार्झिपॅन युरोपातलं बदामाचं, इथे काजूचं झालं. आणि तो काजू तरी कुठला, पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलेला. मिरचीही अमेरिकेतूनच, त्यांच्याच जहाजांतून आली, म्हणजे नाशिकच्या मिसळीतला झटकाही त्याच वाटेने आलेला आहे. मुंबई, साष्टी, ठाणे, वसई या पट्ट्यातल्या अशा लोकांच्या पुढाऱ्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. नोकरीसाठी गोवा-मंगळुरूहून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपण इथले मूळचे आहोत हे वेगळं दिसावं म्हणून. वसईतले सामवेदी, वाडवळ ख्रिस्ती मात्र आजही आधी स्वतःचं नाव सांगतात. तुझ्या सासऱ्यांना यातलं काय लागू पडतं ते त्यांनाच सांगू दे. बाबांच्या शेजारी त्यांना बसव. दोघांना बोलायला तासभर पुरणार नाही.

अंड्यांचंही कोणी मूल विचारेल. पूर्वी युरोपात उपवासकाळात अंडीही वर्ज्य होती. कोंबड्यांना उपवास नसतो, त्यामुळे चाळीस दिवसांत अंडी साठत जात, आणि ईस्टरला ती उकडून, रंगवून वाटली जात. मग थडग्यातून बाहेर आलेल्या ख्रिस्ताची खूण म्हणून लोक अंड्याकडे बघू लागले. मुलांना एवढं पुरे.

एक सांगायचं राहिलं. यंदा सगळं जमलं तरी सासूबाईंच्या जेवणाच्या मुळाशी जो बॉटल मसाला आहे तो बाटलीतून संपत जाणार आहे, आणि तो नवा करायचे दिवस ईस्टरनंतर लगेच येतात, एप्रिल-मेच्या कडक उन्हात. मिरच्या, धणे, तीळ, खसखस, नागकेशर, दगडफूल, तिरफळ, कबाबचिनी, जायपत्री आणि आणखी कितीतरी, प्रत्येक घराची यादी वेगळी. उन्हात वाळवून, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजून, कुटून मग बिअरच्या काळ्या बाटल्यांत ठासून भरतात. काळ्या यासाठी की उजेडाने रंग आणि वास जातो. ती यादी सासूबाईंच्या डोक्यात आहे, कागदावर नसणार. ईस्टरचं जेवण चुकलं तर पुढच्या वर्षी सुधारता येतं. मसाल्याची यादी मात्र त्यांच्याकडूनच मिळेल, दुसऱ्या कोणाकडे ती नाही. तेव्हा वजनकाटा ईस्टर झाला की आत ठेवू नकोस. मेच्या पहिल्या आठवड्यात मिरची घेऊन ये, नणंदेलाही त्या दिवसांत माहेरी बोलाव, ती नुसती फोनवरून बोलते त्याचं कारण लांब राहणं एवढंच असावं. डॉक्टरांनी परवानगी दिली तरी कुटायचं काम सासूबाईंनी यंदा करायचं नाही. वसईत मसाला कुटून देणाऱ्या बायका आहेत. त्यांना ईस्टरच्या आधीच सांगून ठेव, उन्हाळ्यात त्यांना लवकर सवड मिळत नाही.

तुझी काकू